शिवणयंत्र अडले तर : आधी सुई, शेवटी स्क्रू

शिवणयंत्र हे तसे घरातील एक साधे यंत्र होय. परंतु ज्या घरी त्याच्या आधारे चार पैसे मिळवले जातात, त्या घरी यंत्र बंद पडले की त्या दिवसाची मिळकतही बंद पडते. माळव्यातील धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत अशी घरे पुष्कळ आहेत. पवार घराण्याच्या राजवटीत येथे येऊन स्थायिक झालेल्या व १९४८ साली संस्थाने विलीन झाल्यानंतरही येथेच राहिलेल्या मराठी कुटुंबांत शिवणयंत्र दिसते. आणि कुक्षी-मनावरकडील किंवा बागली-कन्नोदकडील गावांतील साध्या घरांतही ते दिसते. कोठे घरचे फाटके-तुटके शिवण्यापुरते, कोठे शेजारपाजारच्या स्त्रियांच्या पोलक्यांसाठी, तर कोठे शाळेच्या गणवेशासाठी त्याचा उपयोग होतो.

या कामाचे हंगाम ठरलेले असतात. लग्नसराई, शाळा उघडण्याचे दिवस, दिवाळी आणि धार जिल्ह्याच्या आदिवासी भागात होळीपूर्वीचे भगोरियाचे बाजार या वेळी शिवणाचे काम एकदम वाढते. नेमक्या अशा वेळी यंत्र अडले, तर दुरुस्त करणारा कारागीर बहुधा तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या गावी असतो. लोखंडी यंत्राचे डोके दहा-बारा किलो वजनाचे असते. ते पोत्यात गुंडाळून बसने न्यावयाचे, एक दिवस मोडावयाचा, भाडे व मजुरी द्यावयाची आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे जावयाचे, असा हा तोटा असतो. कित्येकदा कारागीर केवळ सुई बदलतो किंवा आत अडकलेला दोरा काढतो आणि यंत्र पूर्ववत चालू लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घरगुती शिवणयंत्राच्या नित्याच्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी यंत्राच्या बिघाडाच्या नसतातच. त्या सुईच्या, दोऱ्याच्या, साचलेल्या कचऱ्याच्या किंवा तेलाच्या असतात. त्यांचा उपाय घरच्या घरी, कोणतेही विशेष हत्यार न वापरता करता येतो. मात्र त्यासाठी तपासणीचा योग्य क्रम माहीत असावा लागतो.

यंत्राचे मूळ काम

हाताने शिवताना एकच दोरा कापडातून खाली-वर जातो. यंत्राच्या टिपेत दोन दोरे असतात. वरचा दोरा रिळावरून सुईत येतो आणि खालचा दोरा बॉबिनवर गुंडाळलेला असतो. सुई कापडाखाली जाऊन किंचित वर उचलली जाते, त्या क्षणी दोऱ्याचा एक लहान फासा तयार होतो. शटलचे टोक तो फासा पकडते व बॉबिनभोवती फिरवते. त्यामुळे दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात आणि वरचा दांडा दोरा ओढून ती गाठ कापडाच्या मध्यभागी बसवतो. अमेरिकेत एलियस हाऊ यांनी १८४६ साली अशा टिपेच्या यंत्राचे एकस्व मिळवले आणि १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या सुधारित यंत्राचे एकस्व घेतले. त्यानंतर बाह्य रूप पुष्कळ बदलले, पण टिपेचे हे तत्त्व कायम राहिले.

यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली झालेल्या एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. माणसाला बेकार न करता त्याचे श्रम हलके करणारे यंत्र म्हणून त्यांनी त्याची उपयुक्तता मान्य केली. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनियरिंग वर्क्सने 'उषा' यंत्रे देशात तयार केली आणि पंजाबातील लुधियाना हे शिवणयंत्रे व त्यांचे सुटे भाग बनवणारे मोठे केंद्र झाले. याचा सामान्य माणसाला झालेला लाभ असा की, गोल बॉबिनची काळी घरगुती यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जात असली, तरी त्यांतील पुष्कळांची घडण एकाच नमुन्याची आहे. सुई, बॉबिन, बॉबिनची डबी, पट्टा इत्यादी भाग लहान गावच्या दुकानातही मिळू शकतात. भाग विकत घेताना जुना भाग नमुन्यादाखल बरोबर न्यावा, म्हणजे चूक होत नाही.

तपासणीचा क्रम

यंत्र नीट चालेनासे झाले की प्रथम हात स्क्रूकडे जातो. हीच सर्वांत महागात पडणारी चूक होय. एक स्क्रू फिरवला, उपयोग झाला नाही म्हणून दुसरा फिरवला, असे करता करता मूळ दोष तसाच राहतो आणि नीट असलेली जोडणीही बिघडते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

पहिली सुई. सुई वाकडी, बोथट किंवा चुकीची बसवलेली असणे हे निम्म्या त्रासाचे मूळ असते असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. सुईच्या जाड भागाची एक बाजू सपाट असते. ती सपाट बाजू आरशाच्या काचेवर ठेवून पाहिली असता सुई व काच यांमधील फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. तशी न दिसल्यास सुई वाकली आहे असे समजावे. टोक नखावरून हलकेच फिरवल्यास ओरखडा उठत असेल, तर टोक मोडलेले आहे. नवी सुई बसवण्यापूर्वी जुन्या सुईची सपाट बाजू कोणत्या दिशेस होती हे पाहून ठेवावे. सुईवर एका बाजूस लांब खाच असते. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने ओवला जातो आणि सपाट बाजू तिच्या विरुद्ध असते. सुई वर टेकेपर्यंत पूर्ण सरकवून मगच तिचा स्क्रू आवळावा. ती थोडी जरी खाली राहिली, तरी शटलला फासा सापडत नाही.

दुसरा वरचा दोरा. दोरा संपूर्ण काढून पुन्हा ओवावा. ओवताना कापड दाबून धरणारा पाय वर उचललेला असावा. तो वर असताना ताण देणाऱ्या दोन चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये खोलवर बसतो. पाय खाली असताना ओवलेला दोरा कित्येकदा चकत्यांच्या वरच राहतो आणि त्याला ताणच मिळत नाही. चकत्यांमधून, तारेच्या आकड्यातून, खाली-वर होणाऱ्या दांड्याच्या छिद्रातून आणि सुईजवळच्या तारेतून, असा प्रत्येक टप्पा पाहावा.

तिसरी बॉबिन. बॉबिनवर दोरा सारखा व घट्ट गुंडाळलेला असावा. ती डबीत घातल्यावर दोरा खाचेतून ओढून पातळ पट्टीखाली आणावा. डबी यंत्रात बसवताना 'टक्' असा आवाज आला म्हणजे ती जागेवर बसली. आवाज न येता तशीच ठेवलेली डबी सुटते व सुई तिच्यावर आपटून मोडते.

चौथा कचरा. सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली असता दात्यांच्या मध्ये कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर दिसतो. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात धूळ होऊन घरात शिरते आणि तेलात कालवून हा थर अधिकच घट्ट होतो. लहान ब्रशने, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने किंवा कोंबडीच्या पिसाने तो काढावा. शटलच्या घरात अडकलेला दोऱ्याचा तुकडा चिमट्याने काढावा. फुंकर मारू नये. त्यामुळे कचरा आत जातो व वाफेने गंज चढतो.

पाचवे तेल. त्याविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे.

या पाच गोष्टी पाहून होईपर्यंत कोणताही ताणाचा स्क्रू फिरवू नये. या तपासणीस अर्धा तासही लागत नाही.

लक्षणे आणि उपाय

कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचा गुंता होतो : गुंता खाली दिसतो म्हणून दोष खालच्या दोऱ्यात असावा असा समज होतो. वस्तुतः दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. त्याला ताण नसल्यामुळे त्याचे फासे खाली लोंबतात. पाय उचलून दोरा पुन्हा ओवावा. शिवणास आरंभ करताना दोन्ही दोरे तीन-चार बोटे लांब ठेवून मागे धरावेत आणि दोरा ओढणारा दांडा वरच्या टोकाशी असावा.

टीप एका बाजूस ओढलेली दिसते : दोन्ही दोरे निरनिराळ्या रंगांचे घेऊन चिंधीवर शिवून पाहावे. खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसत असतील, तर वरचा ताण अधिक आहे. वरचा दोरा खाली दिसत असेल, तर वरचा ताण कमी आहे. वरच्या ताणाची चाकी थोडी थोडी फिरवून पुन्हा शिवावे. खालचा ताण क्वचितच बदलावा लागतो. त्याची परीक्षा सोपी आहे. बॉबिन घातलेली डबी दोऱ्याने लोंबती धरावी. ती आपोआप घसरत खाली येऊ नये. हाताला हलका झटका दिल्यावर मात्र थोडी खाली उतरावी. तसे न झाल्यास डबीवरचा लहान स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या पाव फेऱ्याहूनही कमी फिरवावा व पुन्हा परीक्षा करावी.

वरचा दोरा वारंवार तुटतो : दोरा जुना व कुजका असू शकतो. हाताने ओढताच तो सहज तुटत असेल, तर त्या दोऱ्याने शिवू नये. सुई दोऱ्याच्या मानाने बारीक असल्यास दोरा छिद्रात घासतो. सुईपट्टीच्या छिद्राची कड सुई आपटून खरखरीत झाली असेल, तर दोरा तेथे कापला जातो. ती अगदी बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत करावी. पायाच्या यंत्रात चाक उलट दिशेने फिरल्यासही दोरा तुटतो. चाकाचा वरचा भाग नेहमी शिवणाऱ्याच्या दिशेने यावा.

टीप मध्येच सुटते : सुई बदलावी. पातळ मलमल किंवा वायल यांस ११ क्रमांकाची, पोलक्याच्या कापडास व बागच्या छापील सुती कापडास १४ क्रमांकाची, जाड खादी व विजारीच्या कापडास १६ क्रमांकाची आणि जीनसारख्या फार जाड कापडास १८ क्रमांकाची सुई सामान्यतः योग्य असते. ताणणाऱ्या होजियरी कापडासाठी गोल टोकाची सुई वेगळी मिळते.

सुई मोडते : शिवताना कापड हाताने मागे ओढण्याची सवय हे याचे मुख्य कारण होय. कापड पुढे नेणे हे दात्यांचे काम आहे. हाताने केवळ दिशा द्यावी. जाड शिवणीवरून जाताना पायडल थांबवून चाक हाताने फिरवावे. मोडलेल्या सुईचे सर्व तुकडे शोधून काढल्याशिवाय यंत्र चालवू नये.

कापड पुढे सरकत नाही : टिपेची लांबी ठरवणारी कळ शून्यावर आली आहे काय ते पाहावे. दात्यांत कचरा साचला असल्यास काढावा. भरतकामासाठी दाते खाली उतरवले असतील, तर ते पुन्हा वर आणावेत.

चाक फिरते पण सुई हलत नाही : बॉबिन भरताना चाकाच्या मध्यभागी असलेली मोठी चकती सैल केली जाते. ती पुन्हा आवळण्याचे राहून गेले असावे. चकती काढून पुन्हा बसवल्यानंतरही यंत्र पकड घेत नसेल, तर तिच्याखालचा कानाचा वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवावा.

यंत्र जड चालते : बॉबिन भरण्याची लहान चाकी मोठ्या चाकाला टेकलेली राहिली आहे काय, शटलमध्ये दोरा अडकला आहे काय आणि पट्टा फार ताणलेला आहे काय, हे क्रमाने पाहावे. हे सर्व ठीक असल्यास जुने तेल घट्ट झाले आहे असे समजावे. उलटपक्षी पायडल हलते आणि यंत्र घसरत चालते, तेव्हा कातड्याचा पट्टा सैल झालेला असतो. त्याची तारेची कडी सोडून अर्धा इंचापर्यंत कातडे कापावे, नवे भोक पाडून कडी पुन्हा अडकवावी. एकदम अधिक कापू नये. कापलेले परत जोडता येत नाही.

तेल कोणते व किती

यंत्रासाठी शिवणयंत्राचेच पातळ, पांढरे तेल वापरावे. घरात सहज मिळते म्हणून खोबरेल, शेंगदाण्याचे किंवा सरसूचे तेल घालण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आढळते. ती अत्यंत हानिकारक आहे. शेंगदाणा वा सरसूसारखे तेल हवेने हळूहळू चिकट होते व धूळ पकडून डिंकासारखे बसते. खोबरेल तेल तर माळव्याच्या थंडीत यंत्राच्या आतच गोठते. त्या वेळी यंत्र हलके झाल्यासारखे वाटते, पण दोन-तीन महिन्यांत ते पूर्वीपेक्षा जड होते.

रोज काम असल्यास दररोज, अन्यथा आठवड्यातून एकदा प्रत्येक तेलाच्या छिद्रात एक-एक थेंब पुरेसा होतो. जेथे लोखंडावर लोखंड घासते तेथे एक थेंब, असा नियम लक्षात ठेवावा. पट्ट्यावर, ताणाच्या चकत्यांत किंवा विजेच्या मोटारीत तेल जाऊ देऊ नये. तेल दिल्यावर यंत्र दोन मिनिटे रिकामे चालवावे, मग चिंधीवर शिवावे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडत नाही.

चिकट होऊन अडकलेल्या जुन्या लोखंडी यंत्रात रॉकेलचे थेंब सोडून, थोडा वेळ थांबून चाक हाताने फिरवावे, काळे पाणी कापडाने पुसून घ्यावे आणि नंतर योग्य तेल द्यावे. रॉकेल हे वंगण नव्हे. ते तसेच ठेवून यंत्र चालवल्यास भाग झिजतात. हे काम चूल, शेगडी किंवा दिवा यांपासून दूर, मोकळ्या जागी करावे. यंत्राला विजेची मोटार असल्यास ती आधी काढून ठेवावी.

घरी काय करू नये

सुई आणि शटल यांचा मेळ बिघडणे, दांडा वाकणे, दातेरी चाक तुटणे, बिडाला तडा जाणे हे दोष घरी दुरुस्त होण्यासारखे नाहीत. पाचही गोष्टी तपासून, नवी सुई लावूनही टीप सुटत असेल किंवा लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज येत असेल, तर यंत्र थांबवून कारागिराकडे न्यावे. जोर लावून चाक फिरवल्यास लहान दोषाचा मोठा होतो. कारागिराला काय काय तपासले हे सांगितल्यास त्याचाही वेळ वाचतो.

विजेच्या यंत्रावर सुई बदलण्यापूर्वी किंवा सफाई करण्यापूर्वी प्लग काढणे अनिवार्य आहे. केवळ बटण बंद करून भागत नाही. पाय चुकून पायडलवर पडल्यास सुई बोटातून जाते. मोटारीतून धूर, जळका वास किंवा हाताला झिणझिण्या जाणवल्यास ती पुन्हा लावू नये. तिची तपासणी जाणकारानेच करावी.

शिवणवर्ग आणि शिक्षकांसाठी

मध्य प्रदेशात अलीकडच्या काही वर्षांत शाळेचे गणवेश शिवण्याचे काम महिला बचत गटांकडे सोपवण्यात आले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंप्याच्या व्यवसायाचा समावेश असून, त्यात प्रशिक्षण आणि १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी साहाय्य यांची तरतूद करण्यात आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातील भैंसोला येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. या सर्व गोष्टींमुळे शिवण येणाऱ्या हातांचे महत्त्व वाढणार हे उघड आहे. परंतु यंत्र मिळणे आणि यंत्र चालू राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुई अथवा दोऱ्याच्या क्षुल्लक दोषामुळे कोपऱ्यात पडून राहिलेले यंत्र कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

म्हणून शिवणवर्ग चालवणाऱ्या शिक्षिकांनी व बचत गटांच्या कार्यकर्त्यांनी कापणे-शिवणे शिकवण्याच्या आरंभीच एक दिवस यंत्राच्या ओळखीसाठी द्यावा. प्रत्येक शिकाऊ मुलीने स्वतःच्या हाताने सुईपट्टी उघडून, कचरा काढून, सुई व दोरा मुद्दाम चुकीचा लावून पाहावा आणि टिपेत काय फरक पडतो ते ओळखावे. चूक एकदा डोळ्यांनी पाहिली की ती पुन्हा ओळखण्यास वेळ लागत नाही. ज्या गावात चार-पाच यंत्रे आहेत, तेथे एक लहान डबा सामाईक ठेवता येईल. त्यात निरनिराळ्या क्रमांकांच्या सुया, दोन बॉबिना, एक जादा डबी, लहान-मोठे दोन पेचकस, ब्रश, चिमटा, तेलाची बाटली आणि पट्ट्याची कडी एवढे साहित्य असले की नित्याच्या बहुतेक अडचणी गावातच दूर होतात.

काम संपल्यावर पायाखाली चिंधी ठेवून पाय खाली सोडावा आणि यंत्रावर कापड झाकावे. पावसाळ्यात यंत्र बंद असले, तरी आठवड्यातून एकदा चाक फिरवून तेलाचा थेंब द्यावा, म्हणजे गंज धरत नाही. एवढी निगा राखली, तर आजीच्या हातचे यंत्र नातीच्या हातीही चालते. आणि कधी अडलेच, तर प्रथम सुई, मग दोरा, बॉबिन, कचरा व तेल पाहावे. स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा.